तो धरून तीस

१

सोमवारी सकाळी कपाट उघडलं तेव्हा फाइल जागेवर होती. लाल फीत नेहमीसारखी बांधलेली होती, गाठही नीट होती. फक्त आत एकशे बारा पानांच्या जागी एकशे अकराच पानं होती.

गेलेलं पान म्हणजे टिटवीचं वजनपत्रक.

टिटवी म्हणजे विमान. आमचं हवाई दल लहान. माणसं आणि माल वाहणारी पाच विमानं होती, त्यातली दोन उरली, आणि त्या दोन्हींचीही हाडं खिळखिळी झालेली. नवी घ्यायची तर दोन कंपन्या पुढे आल्या होत्या. एकीचं विमान मोठं, ढेरपोट्या माणसासारखं. दुसरीचं छोटं, लांब पायांचं. भारवाल्यांनी, म्हणजे विमानात माल चढवणाऱ्या कामगारांनी, दोघांना पहिल्याच दिवशी नावं ठेवली. मोठा तो पेटारा, छोटी ती टिटवी. होता तेवढ्या पैशात दोन पेटारे आले असते, नाहीतर चार टिटव्या.

दोन्ही विमानं तीस माणसांचं वजन घालून उडवून पाहिली होती. टिटवी झकास उडाली. शुक्रवारी समिती तिच्या नावावर शिक्का मारणार होती. पण नियम असा, की चाचणीचं वजनपत्रक मूळ सहीसकट फाइलला हवं. ते नसेल तर चाचणी झालीच नाही असं धरतात. आणि शुक्रवारनंतर पैसे परत जाणार होते.

समितीच्या अध्यक्षांचा मला फोन आला.

"मलाच का बोलावताय साहेब? मी रिटायर माणूस."

"जन्मभर वजनकाटे तपासलेत म्हणून. आणि बाहेरचे आहात म्हणून. आतला कुणी नेमला, तर निम्मे म्हणतील त्यानंच नेला कागद."

त्या इमारतीत मी बारा वर्षांनी पाऊल टाकत होतो. जिन्याच्या वळणावर सहा माणसांचा एक फोटो आहे. बारा वर्षांपूर्वी डोंगरातल्या वरच्या ठाण्याहून उडालेलं विमान दरीत गेलं, त्यातली ती सहा माणसं. मी नजर पायरीवर ठेवून वर चढलो. तरी पाठीवर सहा जोडी डोळे जाणवत होतेच.

२

आधी पेटाऱ्याच्या दलालाला बोलावलं. कागद हरवून कुणाचं भलं झालं असेल, तर त्याचं.

"काका, खोटं कशाला बोलू? ऐकून आनंदच झाला," तो म्हणाला. "पण मी चोरायचंच ठरवलं असतं तर टिटवीच्या किमतीचं पान नेलं असतं. ते तर सगळ्यात वर होतं."

"सगळ्यात वर होतं हे तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यानं रुमाल काढला आणि मान पुसली.

"शनिवारी सकाळी आलो होतो. साहेब फोन घ्यायला बाहेर गेले. फाइल टेबलावर उघडी. चाळली. चाळणं म्हणजे काही चोरी नाही."

"अजिबात नाही. किंमत पाहिलीत. वजनपत्रकं पाहिलीत?"

"पाहिली ना. शेवटी पेटाऱ्याचं होतं. टिटवीचं नव्हतं. मला वाटलं, लावायचं राहिलं असेल."

दुसऱ्याची किंमत चोरून वाचली, हे कबूल केल्यावर त्याच्या कंपनीला दारातून हाकलता आलं असतं. स्वतःच्या गळ्याला फास लावून कुणी थाप मारत नाही. म्हणजे पान शनिवारी सकाळच्या आधीच गेलं होतं.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक अध्यक्षांकडे. पण टिटवी हवी होती ती त्यांनाच.

"मागच्या थंडीत वरच्या ठाण्यावर एक बाळंतीण नऊ दिवस विमानाची वाट पाहत होती," ते म्हणाले. "एक विमान दुरुस्तीला, दुसरं धुक्यात अडकलेलं. दहाव्या दिवशी आम्ही पोचलो. परत आणलं ते तिचं प्रेत. चार विमानं असती, तर... म्हणून चार हवीत मला."



दुसरी किल्ली फाइली सांभाळणाऱ्या बाईंकडे. पन्नाशीच्या, ताठ बसणाऱ्या, टेबलावर एक टाचणी इकडची तिकडे नाही. सगळं ऑफिस त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. शुक्रवारी अध्यक्ष चारला गेले, कपाट बाईंनी सहाला लावलं. शनिवारी सकाळी फाइल अध्यक्षांनी स्वतःच्या किल्लीनं काढली.

"मधल्या वेळात कुणी आलं होतं?"

"मुकादम आले होते. भारवाल्यांचे. चहा घेऊन गेले. कपाटाला त्यांनी हात लावला नाही."

"बाई, कागद तुमच्या ताब्यातून गेलाय. याचा अर्थ कळतो ना?"

"कळतो." मग त्यांनी विचारलं, "कागद नाहीच मिळाला तर चाचणी परत घेतील ना?"

"घ्यावीच लागेल. गुरुवारपर्यंत."

त्यांनी मान हलवली. मी वही मिटून उठलो, तेव्हा मागून आवाज आला.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत. जिन्यातल्या फोटोत डावीकडून तिसरा, तो माझा नवरा."

माझा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"त्या अपघाताचा अहवाल तुम्ही लिहिलात. मला त्यातलं शेवटचं वाक्य पाठ आहे. 'वजनपत्रकावर ज्याची सही, चूक त्याची.' सही माझ्या नवऱ्याची होती."

३

दुपारी मी हँगरमध्ये गेलो. वारा सुटला होता आणि पत्र्याचं छप्पर म्हाताऱ्यासारखं कण्हत होतं. दोन जुन्या विमानांपैकी एक दार उघडं टाकून उभं होतं. मी आत शिरलो.

दोन्ही भिंतींना लागून कापडी आसनं होती. पट्टे सगळे खाली लोंबत होते आणि वाऱ्याबरोबर त्यांची टोकं हलकेच एकमेकांवर आपटत होती. रांगेच्या अगदी शेवटी, शेपटीच्या दाराजवळ, एक घडीचं आसन होतं. ते उघडलेलं होतं, आणि त्याचा पट्टा लावलेला होता. सैल नाही, चांगला आवळून. कुणीतरी बसलं असावं आणि बसल्या बसल्या विरून जावं, पट्टा तेवढा मागे राहावा, तसा.

मी बोट लावलं. बाकीची बक्कलं गंजलेली, हे मात्र रोज पुसल्यासारखं चकचकीत.

पाय दुखत होते. मी बसायला वाकलो.

"त्या जागेवर नको, काटेवाले."

दारात मुकादम उभा होता. साठीला आलेला, खांदे बैलासारखे, आवाज मात्र देवळात बोलावं तसा. मला इथली जुनी माणसं काटेवालेच म्हणत.

"कुणाची जागा आहे?"

"लोडमास्टरची. वजन वाटून लावायचं आणि स्वतः शेवटी इथे बसायचं, असं त्याचं काम."

"हल्ली कोण बसतं?"

"हल्ली लोडमास्टर पुढे बसतो." त्याची नजर माझ्यावर नव्हती. "पत्रक हरवलं म्हणे. मी सही केलेली आहे. तीस होते. बरोब्बर तीस."

मी किती होते हे विचारलंच नव्हतं.

"चाचणीची पोती दाखवा," मी म्हटलं.

गोदामात वाळूची तीस पोती होती. एक पोतं म्हणजे एक जवान आणि त्याचं सामान, शंभर किलो. मी प्रत्येक पोतं काट्यावर घ्यायला लावलं. एकही कमी भरलं नाही. मुकादमाचा चेहरा खुलला.

मग मी चष्मा पुसून पोत्यांची कापडं बघितली. पेटाऱ्यात माल जमिनीवर ठेवून वर जाळं टाकतात. त्या जाळ्याच्या चौकटी तीसही पोत्यांवर उठल्या होत्या. टिटवीत पोती माणसांसारखी आसनांवर बसवली होती, पट्टे लावून. तिचे पट्टे कोरे करकरीत, त्यांचा काळा रंग पोत्यांच्या पोटावर उतरला होता.

एकोणतीस पोत्यांच्या.

तिसाव्या पोत्याच्या पोटावर काही नव्हतं.

४

"हे टिटवीत चढलंच नाही," मी म्हटलं.

मुकादमानं दोन्ही हात त्या पोत्यावर ठेवले, ढोराच्या पाठीवर ठेवतात तसे.

"दादाची जागा आम्ही भरत नाही."

"दादा म्हणजे?"

"तुम्ही ज्याच्या नावानं अहवाल लिहिलात तो. मला कामाला त्यानंच लावलं. बारा वर्षं झाली, शेपटीच्या दाराजवळची जागा मोकळी सोडतो, पट्टा लावतो. नवीन माणूस लागला की पहिल्या दिवशी त्याला हे सांगतो. साहेब लोकांना माहीत नाही. सांगायचं तरी काय? हसतील."

"जुन्या विमानात ठीक आहे," मी म्हटलं. "तिथे ते आसन मोजणीत धरत नाहीत. टिटवीत शेपटीजवळची जागा तिसांतलीच एक आहे."

"असेल."

"मग तुम्ही तीस लिहिलं कसं? एकोणतीस होती ना?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मलाच मोजता येत नव्हतं.

"तीसच होते की. तो धरून तीस."

छप्पर पुन्हा कण्हलं. मी जन्मभर काट्यात खोट घालणारी माणसं पकडली. वजनाखाली मेण चिकटवणारे, दांडी वाकवणारे. या माणसानं कुणालाच फसवलं नव्हतं. त्यानं एक मेलेला माणूस इमानदारीनं मोजला होता. फक्त त्याचं वजन काहीच भरलं नव्हतं.

"मुकादम, काट्याची दांडी बघितलीय ना? वजन मधे टांगलं तर दांडी ढिम्म हलत नाही. तेच टोकाला टांगा, सगळी दांडी कलते. तुम्ही मोकळी सोडलेली जागा अगदी टोकाची आहे. उद्या तिथे खरा जवान बसला, की शेपूट खाली बसेल आणि नाक वेळेआधी वर येईल. वरच्या ठाण्याची धावपट्टी आखूड. पुढे दरी."

त्यानं पोत्यावरचे हात काढले.

"पहिली टिटवी चिमी नेणार आहे," तो म्हणाला. "दादाची लेक. वैमानिक आहे. वर तीच नेणार, तीस जवान घेऊन. यादी लागलीय." मग एकदम खाली बसला. "अरे देवा, आणि मी वहिनींना कौतुकानं सांगून आलो."

"काय सांगितलंत?"

"शुक्रवारी. चहाच्या वेळी. म्हटलं, वहिनी, नव्या विमानातसुद्धा दादाची जागा ठेवली हो आम्ही."

५

बाईंचं घर दोन खोल्यांचं. दार उघडल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि समोर उभ्या राहिल्या.

"सकाळी तुम्ही एकच प्रश्न विचारलात," मी म्हटलं. "कपाटाची किल्ली जिच्याकडे आहे, ती आधी विचारेल, माझी नोकरी जाईल का? तुम्ही विचारलंत, चाचणी परत होईल ना? तुम्हाला कागदाशी देणंघेणं नव्हतं. तुम्हाला चाचणी परत हवी होती."

बाईंनी माझा रिकामा पेला बाजूला ठेवला.

"दलाल असता तर किमतीचं पान नेलं असतं. चाचणीच बुडवायची असती तर दोन्ही पत्रकं गेली असती. गेलं फक्त टिटवीचं, शनिवारच्या आधी, आणि फीत पुन्हा नीट बांधून. घाईतला माणूस फीत बांधत बसत नाही. ज्या हाताला रोजची सवय, तोच बांधतो."

त्या आत गेल्या. फळीवरचा पेपर उचलला आणि त्याच्या खालून कागद काढून माझ्या हातात दिला. एक घडीसुद्धा पडलेली नव्हती.

"जाळून का नाही टाकला?"

"सरकारी कागद जाळतात होय?" त्या जवळजवळ रागावल्याच.

"बाई, साहेबांना सरळ सांगायचं. एकोणतीस होती, परत घ्या."

"सांगितलं असतं. मग त्यांनी विचारलं असतं, सही कुणाची?" त्या पहिल्यांदा माझ्यासमोर बसल्या. "मुकादमांना रिटायर व्हायला चार महिने राहिलेत. नवरा गेल्यावर बारा वर्षं माझ्या घरचा लाकूडफाटा, लेकीची शाळा, माझी आजारपणं, सगळं त्या माणसानं ओढलं. त्यांच्या सहीखाली चूक लिहिली असती, की पेन्शन गेली. तुमच्याच वाक्यानं गेली असती. एकदा त्या वाक्यानं माझं घर बसलं. दुसऱ्याचं बसवायला मी तो कागद पुढे करू?"

"आणि गप्प राहिल्या असतात तर?"

"तर लेक." त्यांनी पदरानं पाण्याचा पेला पुसला, तो कोरडाच होता. "कागद हरवला तर चूक माझी. सही कुणाचीच नाही. मला हा एवढा एकच रस्ता दिसला. रात्रंदिवस वाटतं, तो त्या जागेवर बसलाय आणि म्हणतोय, मला धरू नका, मला धरू नका."

मला तेव्हा आठवलं, की बारा वर्षांपूर्वी मी पंधरा दिवस या तळावर होतो. कागद तपासले, काटे तपासले, कपाटं तपासली. एकाही भारवाल्याला बोलावून, बाबा त्या दिवशी काय झालं, असं विचारलं नव्हतं.

६

बुधवारी मी समितीपुढे सगळं ठेवलं. अध्यक्षांचा हात टेबलावर आपटला.

"म्हणजे भुताला धरून मोजणी केली? आणि अहवालात काय लिहू मी? भूत?"

मुकादम मागे उभा होता. "वजन मी चुकवलं साहेब."

"कागद मी काढला," बाई म्हणाल्या.

"एका वेळी एक बोला! नाव कुणाचं लिहायचं?"

"दोन्ही लिहा," मी म्हटलं. "वर माझं लिहा. सहीच्या पलीकडे बघायचं नाही, ही रीत मी घालून दिली. म्हणून हा माणूस बारा वर्षं एक जागा मोकळी सोडत राहिला आणि ही बाई कागद घेऊन घरी गेली. कुणी विचारलं असतं, तर दोघांनीही सांगितलं असतं."

टिटवीच्या कंपनीच्या माणसानं तक्ते पसरले. त्याच्या म्हणण्यानं शेपटीचं वजन तक्त्यात बसत होतं. वाद मिटायचा तर चाचणीच हवी होती. कंपनीचा वैमानिक निघून गेलेला. कोपऱ्यातून एक मुलगी उठली. बाईंचंच नाक, बाईंचाच ताठा.

"मी नेते," चिमी म्हणाली. "आमच्या पट्टीवरच आहे ना?"

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. कागद लपवून जे टाळायचं होतं, ते असं समोर येऊन उभं राहिलं होतं.

गुरुवारी दुपारी आमच्या लांब पट्टीवर, वरच्या ठाण्याची पट्टी जिथे संपते तेवढं अंतर मोजून तिथे झेंडे लावले. एकोणतीस पोती चढली. तिसावं पोतं शेपटीच्या दाराशी नेलं आणि भारवाले थांबले. कुणी कुणाकडे बघेना. बाई कुंपणापाशी उभ्या होत्या; त्यांना बुधवारीच कामावरून थांबवलं होतं, आणि तशा माणसाला पट्टीवर यायला बंदी असते. मुकादमानं तिकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

त्यानं स्वतः पोत्याला हात घातला. मी दाराजवळच होतो, म्हणून ऐकू आलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "जरा सरकून घे."

पट्टा लावला. दार बंद झालं.

टिटवी धावली. झेंडे बरेच लांब असतानाच तिचं नाक वर आलं. खूप लवकर, खूप उभं. शेपूट जमिनीला घासलं आणि ठिणग्यांची एक रेघ तिच्यामागे धावायला लागली. एक क्षण ती धड जमिनीवर नव्हती, धड हवेत नव्हती. मग नाक आपटून खाली आलं, चिमीनं इंजिनांचा जोर काढून घेतला, आणि ती झेंडे ओलांडून पुढे गेली, पुढे गेली, आणखी चारशे पावलं जाऊन थांबली.

वरच्या ठाण्यावर झेंड्यांच्या पुढे एक पाऊलही नाही.

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तसेच उभे राहिले. त्या संध्याकाळी समितीनं दोन पेटाऱ्यांच्या नावावर शिक्का मारला. सही करताना ते म्हणाले, "म्हणजे अजून कुणीतरी नऊ दिवस वाट बघणार." त्यांचं खोटं नव्हतं. मुकादमाचा सहीचा हक्क काढून घेतला, पेन्शन राहिली. बाईंना कायमचं घरी बसवलं.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी चिमी विमानातून उतरली ती सरळ कुंपणाकडे गेली. हात तिनं खिशात घातले. दोघी तारेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"आई, तुला शुक्रवारीच कळलं होतं."

"हो."

"मला सांगायचं होतंस. तीन दिवस माझ्याशेजारी बसून जेवलीस, एक शब्द नाही."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

चिमीनं जरा विचार केला. तिला खोटं बोलता येत नसावं.

"वर नेऊन बघितलं असतं. बाबांची जागा भरून."

"तेच." बाईंनी तारेतून बोटं घालून तिच्या बाहीवरची धूळ झटकली. "म्हणून म्हटलं, आधी इथे बघ. इथे पट्टी आहे पुढे."